तीन वेळा छळलेली वाईन

मी वाईन केली. चोरून नाही, दार लावून नाही, कुणाच्या बापाला घाबरून तर नाहीच. आमच्या इमारतीत अजून सांगतात की दुसऱ्या मजल्यावरच्या आजीबाईंनी दारूची भट्टी लावली होती. साफ खोटं. एक तर भट्टी नव्हती, तीन पिंपं होती. दुसरं, दारू नव्हती, वाईन होती. आणि तिसरं, मी आजीबाई नाही. मला नातवंडं आहेत, ती गोष्ट वेगळी.

सुरुवात जावयानं केली. आमचे जावई कंपनीच्या कामासाठी आठ दिवस इटलीला गेले. गेले ते गेलेच, अंगानं तेवढे परत आले. तेव्हापासून त्यांना इथलं ऊनसुद्धा पटत नाही. एका रविवारी ते मुलीला घेऊन जेवायला आले, तेव्हा बरोबर एक बाटली आणि एक जाडं पुस्तक घेऊन आले. बाटली उघडली, पेल्यात बोटभर ओतली, पेला गोल गोल फिरवला आणि त्यात नाक इतकं आत घातलं की मला वाटलं, आता रुमाल द्यावा लागणार.

मीही घोट घेतला. का घेऊ नये? घर माझं, पेला माझा. घेतला आणि मनात आलं ते बोलले.

"चांगली आहे. पण एकटी आहे बिचारी. जोडीला एखादी आंबट असती, एखादी कडवट असती, तर हिला बोलायला कुणीतरी मिळालं असतं."

जावई हसले. "आई, वाईन कळायला शिक्षण लागतं. तुम्ही सरबत घ्या."

मुलगीही हसली. मी नऊ महिने पोटात वागवलेली, आणि हसली! सून तेवढी हसली नाही. तिनं ताटातून मान वर केली नाही. ते मी लक्षात ठेवलं.

मी दुसरी पास आहे. तिसरीत दोन महिने बसले होते, पण त्याचा दाखला नाही, म्हणून तो धरत नाही. ठळक अक्षरं वाचते, सही करते. अंगठा मी जन्मात उठवलेला नाही. आणि चाळीस वर्षं घरातलं लोणी, लोणचं, मुरंबे माझ्या नाकाच्या हुकमावर चाललेत. त्या नाकाला शिक्षण विचारायचं?

मी म्हटलं, "जावईबापू, सहा महिन्यांत माझ्या हातची वाईन पाजते. आणि बाटलीवर नाव माझं असेल. पूर्ण."

"अरे वा! मग नगरभवनात हौशी वाईनवाल्यांची स्पर्धा असते, तिथंच ठेवा की. हे घ्या पुस्तक. इटालियन पद्धत आहे सगळी. इंग्रजीत आहे. वाचा मग."

तो जो शेवटचा 'मग' होता ना, तो मला लागला.

सुनेनं सोय केली. मोबाइलसमोर पुस्तकाचं पान धरलं की मोबाइल ते मराठीत बोलून दाखवतो. मला बटण शिकवून ती सकाळी ऑफिसला जायची, मग घरात मी आणि मोबाइल. बाईचा आवाज होता. जरा तुटक बोलायची, पण शहाणी वाटली. तिनं सांगितलेली इटलीची खुबी अशी: काही द्राक्षं ताजी पिळायची, काही तीन आठवडे सावलीत सुकवायची, आणि मग ती सुरकुतलेली द्राक्षं तयार होत आलेल्या वाईनमध्ये घालून तिला पुन्हा फसफसू द्यायचं. मला एकदम पटलं. सुरकुत्या पडल्याशिवाय कशालाच चव येत नाही, हे सांगायला इटलीला जावं लागत नाही.

फळवाल्याकडून तीन जातींची काळी द्राक्षं आणली. एक आंबट, एक गोड आणि एक बारक्या मण्यांची, जाड सालीची, कडवट. फळवाला म्हणाला, "काकू, ही कडवट कुणी खात नाही."

"मला खायची नाहीत."

"मग काय करणार?"

"नाव काढणार," मी म्हटलं. तो बिचारा वजनकाट्याकडे बघत राहिला.

जाड सालीची निम्मी द्राक्षं गच्चीवर पत्र्याच्या सावलीत जुन्या मच्छरदाणीवर पसरली. लगेच सल्ले सुरू झाले. समोरच्या बाई म्हणाल्या, मीठ लावा. तिसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, मीठ अजिबात लावू नका. आमच्या खालचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, द्राक्ष हे मुळात पसरण्याचं फळ नाही. आणि इमारतीच्या सेक्रेटरीनं जिन्यात नोटीस लावली: 'सामायिक गच्चीवर फळे, व्यक्ती अथवा वस्तू पसरू नयेत.' मी त्यांना विचारलं, "व्यक्ती कोण पसरलंय?" तर म्हणाले, "तसा नमुनाच आहे नोटिशीचा." मी एकवीस दिवस द्राक्षांपाशी खुर्ची टाकून बसले. सेक्रेटरी सकाळ-संध्याकाळ येऊन नुसते खाकरून जायचे. खाकरण्यानं द्राक्षं हलत नाहीत.

इकडे सामानाच्या खोलीत ताज्या द्राक्षांची पिंपं भरली होती. मोबाइल म्हणाला, "टोपी वर येईल. टोपी दिवसातून तीन वेळा खाली दाबावी." आता टोपी कुठून वर येणार? मला वाटलं, पिंपाला टोपी घालायची असेल. मी जुन्या चादरीच्या तीन टोप्या शिवल्या, पिंपांना घातल्या, आणि इमानेइतबारे दिवसातून तीनदा रसात बुडवून पिळून पुन्हा घातल्या. तिसऱ्या दिवशी बघते तर रसातल्या साली फुगून वर आलेल्या, गच्च थर झालेला, अगदी डोक्यावर टोपी बसावी तसा. म्हणजे ही टोपी! माझी मला कळली. पुढं एकदा जावयांना विचारलं, "इटलीत टोपी कशानं दाबतात?" तर म्हणाले, "तिथं टोप्या घालत नाहीत, आई, हॅट घालतात."

पुस्तकात असंही होतं की आतला वायू नळीनं पाण्याच्या बाटलीत सोडायचा. तशा नळ्या लावल्या. गुडुक, गुडुक, असा छान आवाज यायचा. घरात कुणीतरी बोलतंय असं वाटायचं.

साली गाळून घेतल्या, सुकलेली द्राक्षं कडवट पिंपात घातली, आणि पुढचं पान मोबाइलला दाखवलं. मोबाइल म्हणाला, "पंधरा दिवसांनी वाईनचा पहिला छळ करावा. एक महिन्याने दुसरा छळ. दोन महिन्यांनी तिसरा. छळ हळुवारपणे करावा, अन्यथा वाईन बिघडते."

मी पान पुन्हा धरलं. पुन्हा छळ. संध्याकाळी सुनेला ऐकवलं. ती दमून आलेली, चप्पलही काढली नव्हती. ती शांतपणे म्हणाली, "आई, यात तुम्हाला पुस्तक कशाला हवं?"

तिला पुढचे दोन दिवस चहा मी केला नाही. पण छळ तर करायचाच होता. हळुवार छळ म्हणजे काय, यावर मी बराच विचार केला. मग पिंपं या भिंतीकडून त्या भिंतीकडे सरकवली. तासभर उन्हात ठेवली, तासभर पंख्याखाली. दोन्ही बाजूंनी धरून हेलकावे दिले. शेवटी काही बोललेही. काय बोलले ते सांगणार नाही, पण हळुवारपणे बोलले.

वाईन खवळली. आधी जी अकरा आकडे मोजल्यावर एकदा गुडुक म्हणायची, ती आता एका दमात गुडुकगुडुकगुडुक करायला लागली. आवाज भिंतीतून खाली हेडमास्तरांच्या खोलीत गेला. त्यांनी सेक्रेटरीला बोलावलं, सेक्रेटरीनं भिंतीला कान लावला आणि जाहीर केलं की इमारतीची मुख्य जलवाहिनी फुटली आहे. सगळ्या इमारतीचं पाणी बंद केलं. सकाळी साडेआठला. तिसऱ्या मजल्यावरचे डोक्याला साबण लावून जिन्यात आले, आणि त्यांनी आतापर्यंत दिलेले सगळे सल्ले मला त्या एका अवताराकडे बघून फिटल्यासारखे वाटले.

प्लंबर आला. पन्नाशीचा, गंभीर माणूस. भिंतीला कान लावत लावत मजला चढला, माझ्या दारातून आत आला, सामानाच्या खोलीत शिरला आणि थबकला. मागे सेक्रेटरी, हेडमास्तर आणि साबणवाले.

"गळती नाही," प्लंबर म्हणाला. "वाईन आहे."

"वाईन!" सेक्रेटरी म्हणाले. "सामायिक इमारतीत!"

"खोली माझी आहे," मी म्हटलं. "सामायिक फक्त तुमचा कान आहे."

प्लंबरनं पिंपात डोकावून विचारलं, "काकू, ही इतकी गढूळ का?"

"छळ केलाय मी हिचा. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे."

त्यानं ते पान मागितलं, खालचं चित्र पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, ही नळी बघा. एक पिंप वर, एक खाली. वरचं नितळ नळीनं खालच्या पिंपात उतरवायचं, गाळ तळाशी राहू द्यायचा. टाकी साफ करताना आम्ही रोज हेच करतो." सुनेनं मग इंग्रजी शब्द शोधला. 'रॅकिंग'. त्याचा एक अर्थ छळ, आणि दुसरा अर्थ प्लंबर म्हणाला तो. चार शिकलेली माणसं खोलीत उभी होती, कळलं प्लंबरला. पण आमच्या दोघांच्या तोंडी छळ हाच शब्द बसला. "काकू, दुसरा छळ कधी? नळी घेऊन येतो," असं तो जिन्यातून ओरडून विचारायचा आणि समोरच्या बाई दार लावून घ्यायच्या.

उरलेले दोन छळ रीतसर झाले. वाईन अशी नितळ झाली की पेल्यापलीकडचं बोट दिसावं. मग मिसळायचा दिवस आला. मी आणि सून तीन वाट्या पुढे घेऊन बसलो. आंबट होती ती चुणचुणीत, जिभेला जागं करणारी. गोड होती ती पहिल्या घोटाला लाघवी, दुसऱ्या घोटाला तिच्याकडे सांगण्यासारखं काही नाही. मी म्हटलं, "हे जावई."

सुनेनं तिसरी चाखली, सुकलेल्या द्राक्षांची. वाटी खाली ठेवली. "आणि ही म्हणजे तुम्ही."

"म्हणजे?"

"सुरुवातीला झोंबते."

"आणि नंतर?"

"नंतरही झोंबते. पण मग दुसरी गोड लागत नाही."

मी तिच्याकडे बघितलं नाही. उगाच डोक्यावर बसायची. कडवट तीन वाट्या, आंबट दोन, आणि जावई अर्धीच वाटी. जास्त झाले की सगळं पचपचीत होतं.

स्पर्धेत ठेवायचं तर परवाना हवा, असं सेक्रेटरीनं आनंदानं कळवलं. सुनेला घेऊन परवाना कार्यालयात गेले. तिथं खिडकी एक बंद, दोन बंद, तिसऱ्या खिडकीत एक साहेब. त्यांनी अर्ज वाचायला घेतला.

"उत्पादक?"

"मी."

"शिक्षण?"

"दुसरी."

"कशाच्या दुसऱ्या वर्षाला होता?"

"पहिलीनंतरच्या."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, नियमात दहावी आहे. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर करा. मुलगा, जावई, कुणी शिकलेलं असेलच की."

"शिकलेले पुष्कळ आहेत. वाईन मी केलीय. नियम वाचा. मोठ्यानं वाचा, मला ऐकायचाय."

त्यांनी कंटाळून वाचला. "दहावी उत्तीर्ण... अथवा..." आणि थांबले.

"अथवा?"

"अथवा प्रत्यक्ष कामाचा अनुभव, जाणकार व्यक्तीच्या लेखी दाखल्यासह."

दुसऱ्या दिवशी दाखला घेऊन हजर. प्लंबरनं स्वतःच्या छापील कागदावर लिहून दिला होता, वर 'नळ, टाकी व गळती' असं ठळक छापलेलं. साहेबांनी वाचायला सुरुवात केली आणि त्यांचा आवाज हळूहळू उतरत गेला.

"सदर महिलेने माझ्यासमक्ष दोन वेळा छळ केला असून दोन्ही वेळा छळ अत्यंत स्वच्छ झाला. पहिला छळ त्यांनी एकटीने केला, तो चुकीचा होता, परंतु नंतर माझ्या मार्गदर्शनाने सुधारला. यापुढे त्या कोणाच्याही मदतीशिवाय छळ करण्यास सक्षम आहेत."

साहेबांनी कागदावरून माझ्याकडे पाहिलं. मग शेजारी उभ्या असलेल्या पोरीकडे. "तुम्ही यांच्या कोण?"

"सून."

साहेबांनी माझी नजर चुकवून तिला पाणी दिलं. आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, घाबरू नका. तुम्हाला काही सांगायचंय का?"

"हो ना," सून म्हणाली. "मी कितीदा म्हटलं, एकदा तरी छळ मला करू द्या. हात लावू देत नाहीत!"

समजूत पटवायला अर्धा तास गेला. पण शिक्का मिळाला.

मग माझ्या हातून चूक झाली. हे मी लपवत नाही. जावई म्हणाले, "आई, लेबल मी छापून आणतो, छापखाना ओळखीचा आहे." मी कागदावर माझं नाव लिहून दिलं. दोन जोडाक्षरं आहेत नावात, तीन वेळा लिहिलं तेव्हा मनासारखं उमटलं. स्पर्धेच्या दिवशी सकाळी ते एक बाटली लेबल लावून थेट नगरभवनातच घेऊन आले. लेबल सोनेरी, त्यावर परदेशी घर, परदेशी डोंगर. ठळक अक्षरं वाचली तर ती माझी नव्हती.

"सूनबाई, काय लिहिलंय?"

सुनेनं वाचलं. "इटालियन परंपरेतून. निर्माते..." पुढे जावयांचं पूर्ण नाव, त्यामागे दोन पदव्या. "आणि खाली बारीक अक्षरात, साहाय्य: सासूबाई."

साहाय्य! नावसुद्धा नाही. नुसत्या सासूबाई.

जावई घाईघाईनं म्हणाले, "आई, परीक्षकांवर छाप पडते हो. आणि नाव काय, घरातलंच आहे."

"घरातलंच ना? मग माझं घालायला काय हरकत होती?"

त्यांनी बाटली पुढे सरकवली. प्रवेशाच्या टेबलावर नोंद घेणारे गृहस्थ बसले होते. नमुन्याचा पेला भरून घेतला होता, आणि येता-जाता एका परीक्षकानं तो नाकाला लावून खाली ठेवला, दोन पावलं गेला आणि परत आला. दुसऱ्यांदा वास घेतला, घोट घेतला. "ही कुणाची? हिला आत पाठवा लवकर."

मी टेबलावरचं पेन उचललं. जावयांच्या नावावर काट मारली, पदव्यांवर दोन मारल्या, आणि त्यांच्या त्या परदेशी डोंगरावर माझं नाव लिहायला घेतलं. मला वेळ लागतो. मागे रांग झाली. कुणीतरी म्हणालं, आजी, आवरा. मी पहिल्या जोडाक्षरावर होते. मी आवरलं नाही.

नाव पुरं झालं तेव्हा टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "मावशी, खाडाखोड केलेलं लेबल चालत नाही. बाटली बाद होईल. या साहेबांकडे खाडाखोड नसलेलं दुसरं लेबल असेल तर ते लावा, लगेच आत घेतो. परीक्षक थांबलेत तुमच्यासाठी."

जावयांच्या खिशात होतं दुसरं लेबल. त्यांनी काढून पुढे धरलं. मुलगी म्हणाली, "आई, नंबर येईल गं. सगळ्यांना माहीतच आहे ना तू केलीस ते."

"सगळ्यांना माहीत असलेलं लिहायला एवढं जड का जातंय मग?"

परीक्षक पेला हातात घेऊन उभे. रांग उभी. सहा महिने तिथं त्या टेबलावर उभे. मला काही कळत नव्हतं असं नाही. आत गेली असती तर पहिल्या तिघांत होती, ते त्या माणसाच्या तोंडावर दिसत होतं. टाळ्या झाल्या असत्या आणि जावई उठून उभे राहिले असते.

"बाद करा," मी म्हटलं.

"नक्की?"

"बाद करा. आणि तसा कागद द्या. सही-शिक्क्यासकट."

त्यांनी छापील कागद ओढला आणि भरायला घेतला. एका रकान्यापाशी पेन थांबलं. "उत्पादकाचं नाव काय लिहू?" त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं नाही, जावयांकडे बघून विचारलं.

जावयांनी ते सोनेरी लेबल खिशात परत ठेवलं. आणि माझं नाव सांगितलं. पूर्ण, दोन्ही जोडाक्षरांसकट.

बाटली आम्ही परत आणली. वाटेत सुनेनं कागदाच्या बारा प्रती काढल्या. घरी येऊन त्या सोनेरी लेबलावर एक चिकटवली आणि उरलेल्या अकरा बाटल्यांवर अकरा. सरकारी छापील अक्षरात: 'वाईन उत्पादक', पुढे माझं नाव, त्याखाली 'बाद', आणि गोल शिक्का. इटलीत इतकी शतकं वाईन होतेय, पण शिक्का मारलेलं लेबल दाखवा एक.

बातमी पसरली, आणि इमारतीतली माणसं चाखायला येऊ लागली. साबणवाले आले, समोरच्या बाई आल्या, सेक्रेटरीसुद्धा नोटिशीचं निमित्त काढून आले. पण आमच्या घरात आता नियम आहे. बाटलीवरचं मोठ्यानं वाचायचं, मगच पेला पुढे करायचा. जावयांनी खाली मान घालून वाचलं. सेक्रेटरीनं खाकरत वाचलं. हेडमास्तरांनी खणखणीत आवाजात, स्पष्ट उच्चारांसह, चार वेळा वाचलं.